खोड सांगा, मग गाडी विका!

विट्याच्या माणसाला सोने फसवू शकत नाही. खानापूर-आटपाडीच्या कोरड्या माळावरून पोटासाठी बाहेर पडलेला इथला गलाईवाला देशाच्या कानाकोपऱ्यात भट्टी पेटवून बसला आणि समोर आलेल्या दागिन्यात सोने किती, चांदी किती, तांबे किती, याचा टंच त्याने गुंजभर न चुकता काढला. मुशीत टाकणखार टाकायचा, मळी वर आणायची, नितळ धातू खाली ठेवायचा, ही या तालुक्याची पिढीजात विद्या. आणि याच तालुक्यातला माणूस जुनी गाडी घ्यायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात ना मूस असते, ना कसोटी. तो बॉनेटवरून हात फिरवतो, दोनदा दार लावून आवाज ऐकतो, समोरून आलेला चहा पितो आणि इसार देऊन मोकळा होतो.

तो कोण असतो? यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार असतो. द्राक्षाच्या पेट्या वेळेत पेठेला पोचवायला पिकअप हवी म्हणून हिशेब मांडणारा बागायतदार असतो. भाडे मारून घर चालवू म्हणणारा विशीतला पोरगा असतो. नव्या गाडीच्या शोरूमची पायरी त्याला चढता येत नाही, म्हणून तो गाडीबाजारात येतो. थोडे पतसंस्थेचे कर्ज, थोडी भिशी, थोडे बायकोच्या गळ्यातले. आणि तिथे त्याला सांगितले जाते, "पावणं, डॉक्टरांनी वापरलेली गाडी हाय. एकहाती. इंजिन खोलल्यालंच न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात गाडी निळा धूर सोडू लागते. मिस्त्री म्हणतो, इंजिन आधीच एकदा कामाला आलेले आहे. मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर दिसतात, पण क्लचचे पेडल आणि स्टिअरिंगचे रबर दोन लाखांची साक्ष देतात. आरसी बघावी तर आधीच्या फायनान्सचा बोजा उतरलेलाच नाही. मग फोन होतात. पहिला उचलला जातो, दुसऱ्याला "बघतो" म्हणतात, तिसऱ्याला एकच वाक्य ऐकू येते: "घेतानाच बघून घ्यायचं होतं."

या एका वाक्यावर आज आम्ही तुटून पडणार आहोत. हे वाक्य निर्लज्ज आहे, आणि त्याहून मोठे दुःख असे की आपण सगळ्यांनी ते मान्य केले आहे. गाडी बिघडकी निघाली की गल्ली कोणाला हसते? घेणाऱ्याला. "फसला येडा," असे त्याचेच सोयरे म्हणतात. ज्याने ठाऊक असून दोष लपवला, रंगाचा हात मारून गंज झाकला, मीटर मागे फिरवले, तो "धंद्याचा माणूस" म्हणून मिरवतो, आणि त्याच्याच हातून आपण गणेशोत्सवाची वर्गणी घेतो. लाज चुकीच्या दारात बसली आहे. फसलेला तोंड लपवतो, म्हणून तक्रार होत नाही. तक्रार होत नाही, म्हणून फसवणाऱ्याला पुढचे गिऱ्हाईक मिळते. दोष लपवून वस्तू विकणे ही चोरी आहे. खिसा कापणारा निदान बळीच्या हातून सही घेत नाही. हा सही घेऊन लुटतो.

आपल्या मुलखाला हे कळत नव्हते असे नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथे बैलाचे दात बघतात, खांदा बघतात, भोवरा बघतात, चालवून बघतात. मारका आहे का, औताला बसतो का, हे तोंडावर विचारतात. त्या बाजारातही लबाडी होते, आम्ही तो सोवळा ठरवत नाही. पण तिथे एक शब्द आहे, खोड. जनावर विकताना खोड सांगावी लागते, ती विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, हे तिथला अडाणी म्हातारासुद्धा जाणतो. बैल गेला, ट्रॅक्टर आला, पिकअप आली. व्यवहाराची रक्कम कितीतरी पटींनी वाढली, आणि खोड हा शब्द तेवढा आपण मागे टाकून आलो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि ते समजावण्यासाठी दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असलेला माणूस लिलावात तो विकतो आणि दोषाबद्दल अवाक्षर काढत नाही. कायद्याच्या लेखी हे कपट नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मौनाच्या सवलतीवर आजचा गाडीबाजार पोसला गेला आहे. घोडा निदान डोळ्यांसमोर उभा असे, लंगडला तर दिसे. आजच्या गाडीचे खरे वय एका चिपमध्ये लपलेले असते, आणि लॅपटॉप जोडून ते काही मिनिटांत पुसता येते. विकणाऱ्याला सगळे ठाऊक, घेणाऱ्याला काही नाही, अशा सौद्यात गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणेच.

पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे, आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाने गाठीला बांधून ठेवावे. घेणारा म्हणतो, "तू नाकारले नाहीस तर घोडा धड आहे असे मी धरून चालेन." विकणारा गप्प राहतो. इथे मात्र कायदा म्हणतो, हे मौन बोलण्यासारखेच आहे. एका प्रश्नाने सगळा खटला फिरतो. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या मोबाइलवर लेखी विचारा: गाडीला अपघात झाला आहे का, इंजिन वा गिअरबॉक्स खोलला आहे का, पुरात वा पाण्यात बुडाली होती का, मीटर बदलले वा मागे केले आहे का, कर्ज वा चलन बाकी आहे का, आणि खाली लिहा, "तुम्ही नाही म्हटले नाही तर गाडी निर्दोष आहे असे समजून मी पैसे देत आहे." उत्तर आले तर पुरावा, नाही आले तरी पुरावा. जो विक्रेता हा संदेश बघून चिडतो, त्याच्या आवारातून त्याच पावली परत फिरा.

पुराचा प्रश्न आम्ही उगाच घातलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा चढली. पाणी विट्याच्या माळावर आले नाही. पण त्या पाण्यात बुडालेली गाडी माळ चढून कधीही येऊ शकते. बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये, दाराच्या पोकळीत चिखल बसतो, गंज आतून खातो, आणि बाहेरून गाडी आरशासारखी दिसते. आरसीवर पुराचा रकानाच नाही. याचा अर्थ काय होतो ते २०२१ च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी उघड केलेल्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ च्या पुरात भिजलेल्या, भंगारात काढण्यासाठी दिलेल्या चारशेच्या वर बीएस-४ गाड्या. त्यांचे चासी नंबर खाडाखोड करून, बनावट कागद उभे करून त्या ठिकठिकाणी विकल्या गेल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडीची नवी विक्री बंद झालेली, आणि तरी या गाड्या रस्त्यावर आल्या. दीडशेच्या आसपास गाड्या पोलिसांनी जप्त केल्या. त्या ज्यांच्या दारातून उचलल्या गेल्या, त्यांनी पैसे मोजले होते, हळदीकुंकू वाहिले होते, नारळ फोडला होता.

आणि सरकार? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५० व्या कलमाने हस्तांतराचे नियम घातले. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. नमुना २९, नमुना ३०. बाजारात याला टी.टी. म्हणतात. या साऱ्या कागदांत गाडीची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न कुठेही नाही. आरटीओच्या दप्तरी नाव बदलते, गाडीचे इंजिन जिवंत आहे की मेले याच्याशी त्या कागदाला कर्तव्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याच्या जुन्या गाडीवरच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर ठरवला. विक्रेत्याच्या नफ्यात सरकार वाटा घेते; मग त्या नफ्यासाठी लपवलेल्या दोषात सरकारने डोळे का मिटावेत? कर घेणाऱ्याने जबाबदारीही घेतली पाहिजे!

एक पाऊल पडले आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे आहे. गाडी त्याच्या ताब्यात आली की तसे कळवायचे, आणि ताब्यात असेपर्यंत तोच मालक धरला जाणार. गाडी कुठे, कशासाठी फिरली याची नोंदवहीही ठेवायची. नियम चांगला आहे. पण आपल्या जिल्ह्यात रस्त्याकडेला ओळीने उभ्या गाड्यांवर "विकणे आहे"च्या पाट्या लावून बसलेल्या किती आवारांत ते अधिकारपत्र भिंतीवर दिसते? सांगलीच्या परिवहन कार्यालयाने अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यांची यादी गावोगाव जाहीर करावी आणि ज्याचे नाव त्यात नाही त्याचे आवार बंद करावे. हे करायला मुंबईचा नवा आदेश लागत नाही.

प्रामाणिक विक्रेते या अग्रलेखाने दुखावतील, असे कोणी म्हणेल. आम्ही उलट म्हणतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला वाईट गाडीचा भाव देतो. मग चांगली गाडी असणारा बाजारात येतच नाही, आणि शेवटी बाजारात निव्वळ भंगार उरते. २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाने ज्या कामाचा गौरव झाला, त्याच्या मुळाशी हा निबंध आहे. विट्यातला जो कन्सल्टंट खोड सांगून गाडी विकतो, त्याची भाकरी हिसकावतो तो शेजारचा खोड लपवणारा. लबाडाला आवरणे हे त्या प्रामाणिक माणसाचे संरक्षण आहे.

आमची मागणी एका शब्दाची आहे: खोडपत्र. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो दुकानदार असो की घरमालक, गाडीचे ठाऊक असलेले दोष, अपघात, पूर, बदललेले मोठे भाग आणि खरे किलोमीटर सहीनिशी लिहून द्यावेत. ते पत्र नमुना २९ ला जोडल्याशिवाय नाव चढू नये. खोटे निघाले तर व्यवहार रद्द, पैसे परत, आणि विकणाऱ्यावर गुन्हा. अशक्य आहे काय? बेल्जियमने २००६ पासून असेच केले. तिथे गाडी गॅरेजला गेली की किलोमीटरची नोंद एका संस्थेकडे जाते आणि विकताना त्या नोंदींचा दाखला द्यावाच लागतो. मीटर मागे फिरवणे हा अमेरिकेत १९७२ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने दुकानदाराकडून घेतलेली सदोष गाडी, जुनी असली तरी, ३० दिवसांत परत करता येते. आणि लांब कशाला जायचे? आपल्याच देशात जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरांकांची ओळख मिळाली. चार ग्रॅमच्या अंगठीला जे संरक्षण मिळाले, ते चार माणसांना घेऊन महामार्गावरून धावणाऱ्या गाडीला का मिळू नये? अंगठीत खोट निघाली तर पैसे जातात. ब्रेकमध्ये निघाली तर लेकरे जातात.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्याला आम्ही सांगतो: मान खाली घालू नकोस, आणि घाईने दुरुस्तीही करू नकोस. गाडी खोलली की पुरावा संपतो. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरून चासी नंबरने जुनी सर्व्हिसची नोंद मागव, दोषाचा लेखी अहवाल घे, फोटो काढ. गाडी महिनोन्महिने वापरून मग तक्रार केली तर "माल स्वीकारला" असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. म्हणून लगेच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, दोष आणि मागणी लिहून कळव. रागाने कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नकोस. कर्ज देणारा वेगळा, फसवणारा वेगळा, आणि थकबाकीचा डाग तुझ्याच नावावर बसेल. विकणारा धंदेवाईक असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन कर, आणि दाद लागली नाही तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार नोंदवण्याची मुभा दिली आहे. गाडी पुण्याहून घेतली असली तरी तू पुण्याला खेटे घालायचे नाहीत, पुण्याच्या विक्रेत्याने सांगलीला यायचे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पिकअप धंद्यासाठी घेतली म्हणून तू ग्राहक नाहीस, असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेली गाडी कायद्याने ग्राहकाचीच धरली आहे. विकणारा साधा घरगुती माणूस असेल तर वाट दिवाणी न्यायालयाची, करार रद्द करण्याची. आणि चासी नंबर खोडलेला असेल, कागद बनावट असतील, जाणूनबुजून खोटे बोलून पैसे उकळले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली थेट पोलिसांत जा. "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे," असे ठाण्यात सांगितले गेले तर तक्रार लेखी दे आणि पोच घे.

हे हक्क कोणी दिल्लीतून दान म्हणून पाठवलेले नाहीत. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम उभारले, त्या आणि तशा कामांच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक कायदा आला. मराठी माणसाने मागितलेला हक्क मराठी माणसानेच धूळ खात ठेवावा काय?

पतसंस्थांना मात्र आम्ही थेट जाब विचारतो. आपल्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि जुन्या गाडीला त्या आनंदाने कर्ज देतात. जामीनदार दोन मागतात, कोरे चेक मागतात. गाडी मिस्त्रीकडून तपासून आणा असे किती म्हणतात? गाडी पहिल्या पावसात बंद पडली तरी हप्ता चालू, आणि हप्ता थकला की जामीनदाराच्या दारात वसुली. जी संस्था गरिबाच्या घामावर व्याज घेते, तिने त्याच्या गाडीचा टंच काढल्याशिवाय एक रुपया देऊ नये. खोडपत्र नसेल तर कर्ज नाही, एवढा एक ठराव विट्यातल्या संचालक मंडळांनी पुढच्या बैठकीत केला, तर संसदेच्या आधी इथला बाजार सुधारेल. विटा शहर २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले. ते सरकारी फर्मानाने आले नाही. घरोघरच्या बायकांनी ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ठेवला, म्हणून आले. मनावर घेतले तर हे गाव काय करते ते देशाने पाहिले आहे.

कराडजवळच्या टेंभूचे पाणी आज उपसा योजनेने आपल्या माळावर येते. त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, आणि १८८८ साली 'सुधारक' काढून त्यांनी महाराष्ट्राच्या रूढींना भर चौकात जाब विचारला. विकणाऱ्याने गप्प राहावे आणि घेणाऱ्याने सोसावे, ही आपल्या बाजाराची रूढी आहे. टेंभूचे पाणी आपण उचलले. टेंभूच्या माणसाचा तो रोखठोक प्रश्न उचलायला कोणत्या पंपाची वाट बघतो आहोत?

आता सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती आम्ही फसलेल्या माणसालाच विचारतो. भोगून झाल्यावर तू काय करतोस? बहुतेकदा तीच गाडी रंगवून, धुऊन, "एकहाती" म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारतोस. साखळी अशीच वाढते, आणि ती आधीच्या मालकालाही सोडत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. तुझीही अर्धवट टी.टी. झालेली गाडी कुठे कुणाला उडवील, सांगता येत नाही.

तेव्हा येत्या दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी, ती विकायचीच असेल तर, घरात बसून कागद घे. वर तारीख, गाडीचा नंबर, चासीचा नंबर. खाली लिही: तिसऱ्या गिअरला आवाज येतो. पुढचा डावा दरवाजा बदललेला आहे. दोन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल घेते. घेणारा पंधरा-वीस हजार कमी सांगेल. ते कमी घे, सही कर, आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात ठेव.